गुरूच्या चंद्रावरचा पाणाड्या

प्रतिनिधी / नागपूर

विदर्भात विहीर खणावयाची किंवा बोअर मारावयाची वेळ आली की शेतकऱ्यापुढे दोनच प्रश्न उभे राहतात. खाली पाणी आहे काय? आणि असल्यास किती खोल? कुणी तळहातावर नारळ आडवा धरून शेत पालथे घालणाऱ्या पाणाड्याला बोलावतो, तर कुणी जमिनीतून वीजप्रवाह सोडून खडकाचा अंदाज घेणाऱ्या भूजल सर्वेक्षकाला. दोघांचेही खरेखोटे अखेर बोअरच ठरविते. नेमके हेच दोन प्रश्न गुरू ग्रहाच्या युरोपा नावाच्या चंद्राबद्दल शास्त्रज्ञ गेली तीन दशके विचारीत आहेत. फरक एवढाच, की पृथ्वीच्या ५८ कोटी किलोमीटरहून जवळ कधीच न येणाऱ्या त्या ठिकाणी बोअर मारून खात्री करून घेण्याची सोय नाही. तेथे पाणाड्याच्याच शब्दावर विसंबावे लागणार आहे.

हा पाणाड्या म्हणजे 'रीझन' नावाचे रडार. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेचे 'युरोपा क्लिपर' हे यान १४ ऑक्टोबर २०२४ रोजी ते घेऊन निघाले असून एप्रिल २०३० मध्ये ते गुरूपाशी पोहोचणे अपेक्षित आहे. या रडारचे प्रमुख शास्त्रज्ञ डोनाल्ड ब्लँकनशिप हे ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या भूभौतिकी संस्थेत काम करतात. त्यांच्या कारकिर्दीचा बहुतांश काळ मात्र अवकाशाकडे पाहण्यात गेलेला नाही. तो गेला अंटार्क्टिकाच्या बर्फाकडे, तोही विमानातून खाली पाहण्यात. एखाद्या ग्रहशास्त्रज्ञाने असे का करावे, हे समजून घेण्यासाठी आधी नागपूरच्या मातीकडे वळणे सोयीचे ठरेल.

काळी माती आणि पांढरा बर्फ

जमिनीत रेडिओ लहरी सोडून खालच्या थरांचा प्रतिध्वनी टिपणारे रडार आज नवलाईचे राहिलेले नाही. रस्त्याखालच्या नळवाहिन्या, केबल, पुलांच्या काँक्रीटमधील सळया शोधण्यासाठी ते वापरले जाते. पण विदर्भाच्या काळ्या कापसाच्या जमिनीवर ते चालवून पाहिल्यास पदरी निराशाच येते. या मातीतील चिकण कण पाणी आणि क्षार धरून ठेवतात. अशी ओली, क्षारयुक्त माती विजेची बरी वाहक असते आणि रेडिओ लहरींची ऊर्जा ती एक-दोन मीटरच्या आतच गिळून टाकते. नागपूर शहराच्या पश्चिम भागाखाली दख्खनच्या लाव्हाचा काळा पाषाण आहे, पूर्वेस त्याहून कितीतरी प्राचीन स्फटिकी खडक आहेत, उत्तरेस कामठीच्या बाजूला वालुकाश्म आणि कोळसा आहे. पायाखाली इतकी विविधता असूनही रडारला मात्र वरच्या काळ्या मातीपलीकडचे फारसे काही दिसत नाही.

हेच तंत्र अंटार्क्टिकाच्या थंड बर्फावर नेले की चार-चार किलोमीटर खोलीवरचा खडक दिसू लागतो. बर्फ हेही पाणीच. पण गोठल्यावर त्यातील रेणू आपापल्या जागी जखडले जातात, विद्युतभार वाहून नेणारे क्षार बाजूला पडतात आणि काही दशलक्ष ते काहीशे दशलक्ष हर्ट्झच्या लहरींसाठी तो जवळजवळ काचेसारखा पारदर्शक होतो. बर्फ जितका थंड आणि शुद्ध, तितकी लहर खोल जाते. युरोपाच्या पृष्ठभागाचे तापमान उणे १६० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असते. रडारला याहून चांगले शेत मिळणे कठीण.

वैमानिकांच्या चुकीतून

या शास्त्राचा आरंभ झाला तो एका गोंधळातून. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ध्रुवीय प्रदेशांवरून उडणाऱ्या विमानांतील रेडिओ उंचीमापक बर्फावर विश्वासार्ह राहत नाहीत, असे लक्षात आले. लहर बर्फाच्या पृष्ठभागावरून न परतता आत शिरून खालच्या खडकावरून परतत असे आणि विमान प्रत्यक्षात आहे त्याहून उंच असल्याचा भास होई. वैमानिकाच्या दृष्टीने ही जीवघेणी चूक होती. अमेरिकी लष्करातील अमोरी वेट यांच्यासारख्या अभियंत्यांनी तिच्यात बर्फाची जाडी मोजण्याची युक्ती पाहिली. १९६० च्या दशकात केंब्रिजच्या स्कॉट ध्रुवीय संशोधन संस्थेतील स्टॅन्ली इव्हान्स आणि गॉर्डन रॉबिन यांनी खास त्या कामाचे उपकरण उभे केले. समुद्रात दोर सोडून खलाशी जसा ठाव घेत, तसा आता रेडिओ लहरींनी बर्फाचा ठाव घेता येऊ लागला.

१९७० च्या दशकातील या उड्डाणांच्या नोंदी ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर होत. खडकावरून येणारा प्रतिध्वनी ओबडधोबड आणि तुटक असे. पण काही ठिकाणी तो अचानक आरशासारखा सपाट आणि उजळ होई. बर्फाखाली तळी होती. त्यांपैकी सर्वांत मोठ्या व्होस्तोक सरोवराचे खरे आकारमान १९९६ मध्ये जगापुढे आले. सुमारे चार किलोमीटर बर्फाखाली दडलेले हे सरोवर अडीचशे किलोमीटर लांब आहे. त्या वर्षी गॅलिलिओ यान गुरूभोवती फिरत होते आणि युरोपाच्या भेगाळलेल्या बर्फाची छायाचित्रे पाठवीत होते. जाड बर्फाखाली पाणी द्रवरूपात टिकू शकते, याचा पुरावा पृथ्वीवरच हाती आला होता.

ब्लँकनशिप यांचे नाव भूभौतिकीच्या क्षेत्रात आधीच झालेले होते. पश्चिम अंटार्क्टिकातील एका वेगवान हिमप्रवाहाखाली पाण्याने भिजलेल्या मऊ गाळाचा थर आहे आणि बर्फ त्याच्यावरून घसरतो, असे दाखविणाऱ्या १९८६ च्या संशोधनात ते होते. बर्फाखाली जागृत ज्वालामुखी असल्याचे पुरावे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडले. पुढे २००८ पासून अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन यांच्या संयुक्त मोहिमेत दुसऱ्या महायुद्धकालीन डीसी-३ विमानाच्या नूतनीकृत आवृत्तीतून पूर्व अंटार्क्टिकाचे सर्वेक्षण सुरू झाले. त्यातून टॉटन हिमनदीखालचा भूभाग स्पष्ट झाला. ही हिमनदी ज्या बर्फाचा निचरा करते, तो सारा वितळल्यास जगातील समुद्रांची पातळी साडेतीन मीटरने वाढू शकते. मुंबई आणि कोकणपट्टीलाही हा आकडा परका नाही.

या गटाच्या विमानात बसविलेल्या रडारची मध्यवर्ती वारंवारता ६० मेगाहर्ट्झ होती, आणि आज युरोपाकडे निघालेल्या 'रीझन'च्या दोन वारंवारतांपैकी एकही ६० मेगाहर्ट्झच आहे. हा योगायोग नव्हे. अंटार्क्टिका ही या कारकिर्दीची कार्यशाळा होती.

दोन लहरी, दोन कामे

एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर ऐकू येतो. ६० मेगाहर्ट्झ ही त्याखालची पायरी. या लहरीची लांबी पाच मीटर भरते. 'रीझन'ची दुसरी वारंवारता ९ मेगाहर्ट्झ. तिची लांबी सुमारे ३३ मीटर. ज्यांनी एकेकाळी शॉर्टवेव्हवर ३१ मीटर बँडमध्ये परदेशी केंद्रे शोधत रात्री घालविल्या असतील, त्यांना ही लहर ओळखीची वाटावी.

दोन लहरी लागतात त्या वेगवेगळ्या कामांसाठी. ६० मेगाहर्ट्झची लहर बारीक तपशील टिपते. वरच्या काही किलोमीटर बर्फात पाण्याचे कप्पे असतील, तर दहा मीटरच्या आतबाहेरचे थर ती वेगळे ओळखू शकते. पण पृष्ठभाग खडबडीत असला की ती विखुरते. ९ मेगाहर्ट्झची लांब लहर अशा खडबडीतपणाला फारशी दाद देत नाही. ती खोल जाते, मात्र तिचे चित्र ढोबळ असते. बर्फात रेडिओ लहरीचा वेग सेकंदाला सुमारे १ लाख ६८ हजार किलोमीटर असतो. बर्फाचे कवच तीस किलोमीटर जाड असेल, तर लहर तळाशी जाऊन परत येण्यास सेकंदाचा जेमतेम तीन हजारावा भाग लागेल. त्या क्षणार्धातील मंद कुजबुज टिपणे, एवढेच काम.

ते अवघड होण्याचे एक कारण खुद्द गुरू आहे. गुरूच्या प्रचंड चुंबकीय क्षेत्रातून सुमारे ४० मेगाहर्ट्झपर्यंतच्या रेडिओ लहरींचा सतत गोंगाट चालतो. ९ मेगाहर्ट्झच्या रडारला या कोलाहलात आपलाच प्रतिध्वनी ऐकू येणे कठीण. म्हणून ते चंद्राच्या आडोशाला, गुरू दिसत नाही अशा बाजूलाच उत्तम काम करते. ६० मेगाहर्ट्झची लहर त्या गोंगाटाच्या वर राहते. दुसरी अडचण कवचाच्या तळाची. महासागराजवळचा बर्फ तुलनेने उबदार असतो, त्यात क्षार असतात आणि असा बर्फ काळ्या मातीसारखाच लहर गिळतो. महासागर असूनही रडारला तो न दिसण्याची शक्यता त्यामुळे नाकारता येत नाही.

तिसरी अडचण सर्वांत फसवी. यानाच्या थेट खाली, बर्फाच्या पोटात असलेल्या थरावरून येणारा प्रतिध्वनी आणि बाजूच्या एखाद्या कड्यावरून येणारा प्रतिध्वनी एकाच क्षणी पोहोचू शकतात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. त्यांची निवड करता येणे हीच या शास्त्रातील खरी विद्या, आणि ती अंटार्क्टिकाच्या डोंगरांवरून हजारो तास उडूनच साधली गेली आहे.

मंगळाचा धडा

उजळ प्रतिध्वनी म्हणजे पाणी, असे समीकरण मांडणे सोपे आहे. ते किती धोक्याचे, हे मंगळाने दाखवून दिले. युरोपीय 'मार्स एक्स्प्रेस' यानावरील 'मार्सिस' या रडारने २००५ पासून मंगळाच्या पोटात डोकावणे सुरू केले. रोमच्या सापिएन्झा विद्यापीठाचे जिओव्हानी पिकार्दी हे त्याचे प्रवर्तक. २०१८ मध्ये इटालियन गटाने दक्षिण ध्रुवीय बर्फाखाली दीड किलोमीटर खोलीवर वीस किलोमीटर रुंदीचा उजळ पट्टा आढळल्याचे जाहीर केले आणि तो द्रवरूप पाण्याचा असावा, असा निष्कर्ष काढला. जगभर मथळे झळकले. त्यानंतर चिकणमाती, क्षार, खडकाचे विशिष्ट थर अशी अनेक पर्यायी स्पष्टीकरणे पुढे आली. २०२५ मध्ये 'मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर'ला मोठा कलता झोका देऊन त्याच्यावरील दुसऱ्या रडारने तीच जागा तपासली, तेव्हा तेथून पाण्याकडून अपेक्षित असा प्रखर प्रतिध्वनी मिळाला नाही. वाद पूर्ण मिटलेला नाही. पण सरोवराची बाजू लंगडी झाली आहे.

युरोपाच्या बाबतीत हा धडा जिव्हाळ्याचा ठरतो, कारण तेथे पाण्याच्या अस्तित्वापेक्षा त्याच्या खोलीला महत्त्व आहे. महासागर आहे, याबद्दल आज फारसे दुमत नाही. गॅलिलिओ यानाच्या चुंबकीय मोजमापांवरून कृशन खुराना, मार्गारेट किव्हेल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्येच खाऱ्या, विद्युतवाहक थराचे पुरावे मांडले होते. आपल्या चंद्राहून किंचित लहान असलेल्या या गोलावर पृथ्वीवरील सर्व महासागरांच्या सुमारे दुप्पट पाणी असावे, असा अंदाज आहे. प्रश्न आहे तो वरच्या झाकणाचा. गुरूच्या किरणोत्सर्गाने युरोपाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त संयुगे तयार होतात. ती खाली महासागरात पोहोचत असतील, तर तेथील संभाव्य जीवांना ती इंधनासारखी उपयोगी पडतील. झाकण पातळ किंवा हलते असेल, तर ही ने-आण शक्य आहे. ते जाड आणि निश्चल असेल, तर खालचा महासागर बंद बरणीतल्या पाण्यासारखा असेल.

ब्रिटनी श्मिट, ब्लँकनशिप आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये असे सुचविले, की पृष्ठभागावरील उद्ध्वस्त दिसणाऱ्या काही प्रदेशांखाली केवळ तीन किलोमीटरच्या आसपास पाण्याचे प्रचंड कप्पे असावेत. या तर्काला अंटार्क्टिकातील हिमनद्या आणि आइसलँडमधील बर्फाखालचे ज्वालामुखी यांच्या निरीक्षणांचा आधार होता. तो खरा की खोटा, हे ६० मेगाहर्ट्झची लहर ठरवील. दरम्यान, सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपाजवळून गेलेल्या 'ज्युनो' यानाच्या सूक्ष्मलहरी मोजमापांवरून त्याने पाहिलेल्या भागातील कवच सुमारे २९ किलोमीटर जाड असावे, असा अंदाज निघाला आहे. पातळ झाकणाची आशा बाळगणाऱ्यांना तो रुचणारा नाही. मात्र ही प्रतिध्वनीने घेतलेली थेट खोली नव्हे. बर्फाच्या उष्णतेवरून काढलेला तो अंदाज आहे.

रद्द झालेल्या मोहिमा

संशोधकाच्या आयुष्याचा हिशेब येथेच मांडावा लागतो. रडार घेऊन युरोपाभोवती फिरणाऱ्या यानाचा विचार 'नासा'ने १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केला. २००२ मध्ये ती मोहीम रद्द झाली. त्यानंतर अणुऊर्जेवर चालणाऱ्या महाकाय यानाची योजना आली. ती २००५ मध्ये बारगळली. मग युरोप आणि अमेरिका यांच्या संयुक्त मोहिमेचा आराखडा झाला. २०११ मध्ये तिचा अमेरिकी भाग फार महागडा ठरला. युरोपीय अवकाश संस्थेने २०१२ मध्ये स्वतःची 'ज्यूस' मोहीम मंजूर केली, तर 'नासा'ने २०१५ मध्ये युरोपाच्या नव्या मोहिमेसाठी उपकरणे निवडली. त्यांत 'रीझन' होते. पहिल्या आराखड्यापासून उड्डाणापर्यंत जवळपास पाव शतक लोटले. या अवधीत विद्यार्थी प्राध्यापक झाले. ब्लँकनशिप यांच्यासोबत शिकलेले डस्टिन श्रोडर आज स्टॅनफर्ड विद्यापीठात असून 'रीझन'च्या शास्त्रज्ञ गटात आहेत. त्यांनी केंब्रिजमध्ये पडून असलेल्या १९७० च्या दशकातील त्या जुन्या फिल्म अंकीय स्वरूपात आणल्या आणि थ्वेट्स हिमनदीचा तरंगता भाग दशकांमध्ये किती पातळ झाला, हे २०१९ मध्ये दाखविले. ज्यांनी त्या फिल्म भरल्या, त्यांना हा उपयोग स्वप्नातही सुचला नसेल.

उड्डाण झाले म्हणजे चिंता मिटते असेही नाही. १४ एप्रिल २०२३ रोजी निघालेल्या 'ज्यूस' यानावरील 'राइम' रडारची १६ मीटर लांबीची अँटेना उलगडेना. एक चिमुकली खीळ अडकली होती. इटलीतील ट्रेंटो विद्यापीठाचे लोरेन्झो ब्रुझोने यांच्या गटाचे अनेक वर्षांचे काम त्या खिळीवर लटकले. यान हलवून पाहिले, उन्हात धरून पाहिले. अखेर १२ मे २०२३ रोजी एक यांत्रिक झटका देऊन ती सोडविण्यात आली. 'मार्सिस'च्या अँटेनेचा एक सांधाही २००५ मध्ये असाच अडला होता आणि सूर्याच्या उबेने सरळ झाला होता.

'रीझन'ची अडचण निराळी होती. त्याच्या लांब अँटेना १७.६ मीटरच्या असून त्या यानाच्या सौरपंखांवर बसविल्या आहेत. संपूर्ण रडार पृथ्वीवर एकत्र तपासण्यासाठी सुमारे ७६ मीटर लांबीचे बंदिस्त दालन लागले असते. तसे दालन नसल्याने संपूर्ण रडार एकत्र न तपासताच पाठवावे लागले. खरी परीक्षा १ मार्च २०२५ रोजी झाली. गुरूकडे जाण्यासाठी वेग आणि दिशा साधण्यास यान मंगळाजवळून, ८८४ किलोमीटर अंतरावरून गेले. रडार सुमारे ४० मिनिटे चालविण्यात आले आणि ६० गिगाबाइट माहिती मिळाली. प्रतिध्वनी परतत होता. यंत्र चालते, हे तेव्हा कळले.

बर्फाळ उपग्रहावरील द्रवाचा ठाव रडारने याआधी घेतला आहे तो शनीच्या टायटनवर. कॅसिनी यानाच्या रडारने मे २०१३ मध्ये तेथील लिजिया मारे या समुद्राचा तळ टिपला. खोली सुमारे १६० मीटर निघाली. पण तो समुद्र उघडा, आणि पाण्याचा नव्हे तर द्रवरूप मिथेनचा. बंद झाकणाखालचे पाणी अद्याप कुणी पाहिलेले नाही.

नागपूरहून किती दूर?

भारताने आजवर बर्फाळ चंद्रांकडे यान पाठविलेले नाही. पण या विद्येचे धागे येथे अगदीच नाहीत असे नव्हे. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने घडविलेले दुहेरी वारंवारतेचे रडार 'चांद्रयान-२'वरून चंद्राच्या ध्रुवीय विवरांत बर्फाचा शोध घेण्यासाठी पाठविण्यात आले. त्याचा आवाका काही मीटरचा, किलोमीटरचा नव्हे. अंटार्क्टिकाच्या भारतीय मोहिमांचे सूत्रसंचालन गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालते. ज्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे मध्य विभागीय कार्यालय नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर आहे, त्याच संस्थेचे व्ही. के. रैना यांनी १९८२-८३ च्या दुसऱ्या भारतीय अंटार्क्टिक मोहिमेचे नेतृत्व केले होते. भूगर्भशास्त्र, भौतिकी किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या येथील विद्यार्थ्यास बर्फाच्या रडारकडे जाण्याचा रस्ता गोव्यावरून जातो, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

वेळापत्रक तर ठरलेलेच आहे. डिसेंबर २०२६ मध्ये युरोपा क्लिपर पुन्हा पृथ्वीजवळून जाऊन वेग घेईल. २०३० मध्ये ते गुरूपाशी पोहोचेल आणि नंतरच्या वर्षांत युरोपाजवळून ४९ फेऱ्या मारील. त्यांतील सर्वांत जवळची फेरी २५ किलोमीटरवरून होईल. 'ज्यूस' जुलै २०३१ मध्ये गुरूपाशी आणि डिसेंबर २०३४ मध्ये गॅनिमिडच्या कक्षेत जाईल. तेथून 'राइम' नऊ किलोमीटर खोलीपर्यंत बर्फाचा ठाव घेईल. २०२६ साली नागपुरात दहावीची परीक्षा देणारा विद्यार्थी त्या डिसेंबरात चोविशीच्या आसपास, म्हणजे पीएच.डी.ला नुकताच नाव नोंदविलेला असेल.